फोक्सवॅगनमधले 'लोक' कोण?

चाकणला फोक्सवॅगनचं नाव रोज दिसतं. अर्थ माहितीये? जर्मनमध्ये 'फोल्क' म्हणजे लोक, 'वागन' म्हणजे गाडी. लोकांची गाडी! हे 'वागन' आणि आपलं 'वाहन' एकाच प्राचीन मुळातून आलेत. इंग्रजीत 'फोल्क'चा 'फोक' झाला. जर्मनीत मात्र हिटलरने ज्यूंना या 'फोल्क'मधूनच वगळलं. पुढे १९८९ मध्ये पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या रस्त्यांवर 'आम्हीच फोल्क' म्हणत माणसं सत्तेपुढे उभी राहिली.

शब्द तोच, प्रश्न एकच: लोकांत कोणाला धरायचं?

आपण सहज म्हणतो, "बाहेरचे लोक आलेत." कोण हो? मराठवाड्यातून, बिहारमधून आलेली कंत्राटी पोरं. गाड्या तीच जोडतात, चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आपल्यासोबतच अडकतात. रस्ता-पाणी मागताना त्यांनाही लोकांत धरा. पटतंय का?