गळ आणि स्फूर्ति

गळाच्या चढाओढींचे कांहीं शौकीन म्हणतात कीं, पाण्यापाशीं उभें राहिल्यावर मनांत जें स्फुरतें तेंच खरें. स्थानिक माहिती म्हणजे नवशिक्याची कुबडी. हें मत आम्हांस सर्वस्वीं अमान्य आहे. गिरीजच्या वज्रगडापासून वसईची खाडी फार दूर नाहीं. तेथें जिताड्यासाठीं गळ टाकणाऱ्यानें आधीं तिथि मोजावी. तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ सुमारानें निघते: अष्टमीस ६, द्वादशीस ९. हें गणित कोळ्याचें पोर जाणतें. स्फूर्तीला तें कोठून ठाऊक असणार? मुरलेला माणूस जिला स्फूर्ति म्हणतो ती बहुधा एकाच खाडीवर काढलेल्या वर्षांची शिकवण असते. त्याला परक्या खाडीवर नेऊन उभें करा, म्हणजे कळेल! जागा कोळ्यानें दाखवावी, वेळ त्यानेंच सांगावी, आणि बक्षीस घेतांना गोडवे मात्र प्रेरणेचे गावे, ही कोठली रीत?

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. जिताडा बहुधा प्रथम नर असतो व कांहीं वर्षांनीं मादी होतो. म्हणजे सर्वांत जड मासा प्रायः मादीच. पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या मुखाकडील खाऱ्या पाण्यांत अंडीं घालते. केवळ वजनावर बक्षिसें लावणाऱ्यांस हें ठाऊक आहे काय? असल्यास त्यांनीं त्या दिवसांत चढाओढी बंद ठेवाव्या, आणि एरवींही मोठा मासा मोजून जिवंत सोडणारास अधिक गुण द्यावे.