आंब्याच्या वासाचा गळ

दिसायला पेन ड्राइव्ह, मावते कंपासपेटीत, वास आंब्याचा. असली वस्तू चाळिशीतल्या मुरलेल्या विडीबाजाची सवय सोडवण्यासाठी बनवली, यावर कोण विश्वास ठेवील? अमेरिकेत ज्यूल कंपनीने २०१५ मध्ये आपली ई-सिगारेट आणली, ती झगझगीत रंगांच्या पार्श्वभूमीवर मिरवणाऱ्या तरुण मॉडेलांना पुढे करून. निकलोडियन आणि कार्टून नेटवर्कच्या संकेतस्थळांवरही कंपनीने जाहिराती दिल्या, असा आरोप पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याने खटल्यात केला. कार्टून नेटवर्क! सिगारेट सोडू पाहणारा कुठला बाप्या तिथे जाऊन बसतो? २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्ससह सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टनशी कंपनीने ४६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. चूक मात्र कबूल केली नाही.

आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात, सगळेच बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण रीलमध्ये धुराची वलये सोडणाऱ्या पोराला जाहिरातदार म्हणायचे कोणी? फलक उतरवता येतो, हा माल हातोहात फिरतो. पानटपरीवर एखादा छापा घालून भागणार नाही. मोबाइलवर होणारी विक्री पोलिसांनी शोधायला हवी. आणि पालकहो, दप्तरात अनोळखी पेन ड्राइव्ह दिसला, तर ओरडण्याआधी तो एकदा हुंगून पाहा.