सुईचें भय

“सुई टोंचली कीं गांठ चवताळते,” हा समज सुशिक्षित घरांतहि दृढ आहे. त्यापायीं सूनबाईच्या स्तनांतील गांठीवर महिनोन्‌महिने लेप चालतात. शेवटीं सुई लागते तेव्हां रोग पसरलेला असतो, आणि दोष येतो सुईच्या माथीं! काकतालीय न्याय तो हाच.

समज अगदींच निराधार आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. सुईच्या वाटेवर क्वचित् रोगपेशी सांडतात. यकृताच्या कर्करोगांत शंभरांत दोघांतिघांस असें झाल्याची नोंद आहे. वृषणाचा संशय असल्यास तर डॉक्टर सहसा सुई न लावतां तें जांघेच्या मार्गानें काढूनच तपासतात. स्तनांत मात्र सुईच्या वाटेवर गांठ उद्भवणें फारच विरळा. सांडलेल्या पेशी बहुधा तग धरीत नाहींत, शिवाय पुढें शस्त्रक्रिया व किरणोपचार असतातच.

मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं २०१५ सालीं स्वादुपिंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या २,००० हून अधिक रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आधीं सुईनें तपासलेल्यांपैकीं निम्मे २२ महिन्यांहून अधिक जगले. न तपासलेल्यांत हाच आंकडा १५ महिन्यांचा. सुईनें आयुष्य वाढलें असें नव्हे. घटल्याचें दिसलें नाहीं, इतकेंच.

सुई कोणत्या वाटेनें जाणार, हें डॉक्टरांस खुशाल विचारावें. मात्र त्याच आठवड्यांत विचारावें.