शिवणयंत्राचा विमा

घराच्या विम्यासाठीं जें प्रश्नपत्रक भरून द्यावें लागतें, त्यांत एक लहानसा प्रश्न असतो : या जागेंत कांहीं व्यापार-उद्योग चालतो काय ? 2019 च्या उन्हाळ्यांत या प्रश्नापुढें मीं माझ्या हातानें 'नाहीं' असें लिहिलें. घर माझें नव्हतें, माझ्या भाचीचें होतें. जांवई कचेरींतून थकून आलेले, पत्रक दुसरे दिवशीं सकाळीं द्यावयाचें, आणि 'मामांचें अक्षर चांगलें' म्हणून लेखणी माझ्या हातीं आली. आयुष्यभर फळ्यावर लिहून अक्षर खरोखरच वळणदार झालें आहे. त्या मानानें अक्कल वाढली असें मात्र म्हणवत नाहीं. आणि तीच गोष्ट आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

भाचीचें घर पुण्यास अरण्येश्वराच्या अंगाला, आंबील ओढ्यापासून हांकेच्या अंतरावर, तळमजल्यावर आहे. मागील खोलींत ती गोधड्या शिवते. लोकांच्या घरीं आजीचीं, पणजीचीं लुगडीं ट्रंकेंत पडून असतात. तीं नेसवत नाहींत आणि टाकवतही नाहींत. तीं ती घेते, एकेक लुगडें उजेडासमोर धरून विरलेला भाग वेगळा काढते, धड भाग थरावर थर घालून जुळविते, आणि कांठ सभोंवार फिरविते. जोड यंत्रावर व वरचा धांवदोरा हातानें, असा तिचा नेम आहे. त्या वेळीं तिच्याजवळ दोन यंत्रें होतीं : एक घरगुती, मोटर बसविलेलें, दुसरें कारखान्यांत वापरतात तसलें, जड व मेजासकट. सहा वर्षें हें काम चाललें होतें आणि मुलाच्या कॉलेजची फी दोन वर्षें त्यांतूनच गेली होती. असें असून आम्हां घरच्या माणसांच्या तोंडीं त्याचें वर्णन काय ? 'ती घरीं थोडेंबहुत शिवते.' तेंच मनांत धरून मीं 'नाहीं' लिहिलें. असत्य सांगण्याचा हेतु नव्हता. तिचें काम हा उद्योग आहे ही कल्पनाच आम्हांला शिवली नव्हती. ती स्वतः त्या वेळीं स्वयंपाकघरांत आमच्यासाठीं चहा करीत होती. तिला कोणी विचारलेंही नाहीं.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीं आंबील ओढ्यास आलेला पूर पुणेकर सहसा विसरणार नाहींत. कित्येकांचे प्राण गेले, भिंती पडल्या, मोटारी काड्यांसारख्या वाहून गेल्या. त्या मानानें आमचें काय गेलें म्हणावें ! माणसें गच्चीवर चढलीं व वांचलीं. खालीं खोलींत मात्र कमरेच्या वर पाणी होतें. सकाळीं यंत्राच्या चाकांत, मोटरींत, बॉबिनच्या पेटींत सर्वत्र गाळ. तयार गोधड्या पाण्यानें इतक्या जड झालेल्या कीं दोघांना मिळून एक उचलेना. आणि गिऱ्हाइकांचीं एकोणीस लुगडीं चिखलांत कालवलेलीं.

माझ्या मातोश्रींचें पायानें चालवावयाचें यंत्रही असेंच बुडालें होतें, 12 जुलै 1961 रोजीं, पानशेतच्या पुरांत, नारायण पेठेंत. मी तेव्हां मांडीवरचें मूल होतों. परंतु ती हकीकत घरांत इतक्यांदा सांगितली गेली कीं स्वतः पाहिल्यासारखी वाटते. मातोश्रींनीं तें यंत्र खोललें, रॉकेलानें धुतलें, तेल घातलें, आणि पुढें वीस वर्षें आमचे सदरे त्यावर शिवले. त्या ओतीव लोखंडाला पूर मानवला. आजच्या यंत्रांत विजेचीं नाजूक मंडलें असतात. तीं एकदां गाळांत भिजलीं कीं रॉकेलानें तीं सुधारत नाहींत. तेव्हां 'आमच्या आईच्या वेळीं कोठें होता विमा ?' हा युक्तिवाद निदान माझ्यापुढें कोणीं करूं नये.

विमा कंपनीनें नुकसान मोजण्यास सर्व्हेयर पाठविला. गृहस्थ सभ्य होता. कपाट, पलंग, फ्रीज यांचें नुकसान त्यानें टिपून घेतलें, आणि त्याची भरपाई पुढें मिळालीही. मागल्या खोलींत आल्यावर त्यानें फळीवरची ऑर्डरींची वही पाहिली आणि इतकेंच विचारलें, "ताई, हीं यंत्रें घरच्या वापराचीं कीं धंद्याचीं ?" भाचीनें खरें तें सांगितलें. महिन्याभरानें पत्र आलें कीं, व्यवसायाचीं साधनें व माल या विम्यांत येत नाहींत. शिवाय प्रश्नपत्रकांत व्यवसाय नसल्याचें लिहून दिलेलें आहे. मला राग आला. मीं तें विमापत्र चष्मा लावून आरंभापासून अखेरपर्यंत वाचलें, म्हणजे जें सही करण्यापूर्वीं करावयाचें तें नंतर केलें, आणि कंपनीचें चुकलें असें कोठेंच सांपडेना. विम्याचा करार परम सद्भावाचा मानतात. विमा उतरविणारानें आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट न विचारतां सांगावयाची असते. येथें तर विचारूनही आम्हीं उलट उत्तर दिलें होतें.

वेदान्ती लोक एकाच आकाशाला घटाच्या उपाधीनें घटाकाश म्हणतात. यंत्राचें तसेंच आहे. तेंच यंत्र, तीच सुई. नातवाचें झबलें शिवलें तर ती गृहवस्तु, आणि परक्याची गोधडी मोल घेऊन शिवली तर तें उद्योगसाधन. 1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नांवाचें एकाच मसुद्याचें विमापत्र देणें बंधनकारक झालें आहे. गृहस्थाच्या दृष्टीनें तें पुष्कळच सोयीचें आहे. घराच्या इमारतीचा विमा घेतला कीं तिच्या रकमेच्या शेंकडा 20 इतका, परंतु 10 लाखांच्या आंत, सामानाचा विमा यादी न देतां आपोआप होतो. पण सामान म्हणजे काय, तर घरगुती उपयोगाच्या वस्तु. या सोयीमुळेंच गृहिणींची फसगत होण्याचा संभव अधिक. कारण 'सामान आलें' म्हटल्यावर मागल्या खोलींतलें यंत्रही त्यांत आलें, असें कोणासही वाटावें.

उद्योगासाठीं त्याच तारखेपासून निराळें विमापत्र आहे : 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एका ठिकाणची एकंदर मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर तें मिळतें. 5 कोटि हा आंकडा ऐकून भाची हंसली. परंतु वरची मर्यादा मोठी आहे म्हणून खालच्यास मज्जाव नाहीं. यंत्रें, मेज, कच्चा माल, तयार माल हीं सर्व त्यांत निरनिराळीं मांडतां येतात. काम राहत्या घराच्या एका खोलींत चालतें हें त्यांत स्पष्ट लिहावें. आणि घराचा विमा ज्या कंपनीकडे असेल तिलाही कळवावें. एकीपासून लपवून दुसरीस सांगणें हें दोन्ही विमे अडचणींत आणण्याचा राजमार्ग आहे.

आतां त्या एकोणीस लुगड्यांविषयीं. तीं भाचीचीं नव्हतींच. दुसऱ्यानें विश्वासानें ठेवावयास दिलेल्या वस्तूचा विचार आपल्या धर्मशास्त्रानें बारकाईनें केला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत त्यासाठीं उपनिधीचें स्वतंत्र प्रकरण आहे. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळें ठेव गेली तर ती ठेवून घेणारानें भरून द्यावी लागत नाहीं, असा तेथें निर्णय आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचें धोरणही यापासून फार लांब नाहीं : शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली असल्यास, विशेष करार नसेल तर, ठेव घेणारा जबाबदार नाहीं. मीं हें सर्व भाचीस मोठ्या उत्साहानें समजावून सांगितलें. ती म्हणाली, "मामा, शास्त्र तुमचें खरें असेल, पण त्या बाई उद्यां दारांत येतील तेव्हां त्यांच्यासमोर मी उभी राहणार आहें, याज्ञवल्क्य नव्हे." यावर मजपाशीं उत्तर नव्हतें.

तिनें अकरा लुगडीं तीन-तीन पाण्यांतून काढून वांचविलीं. उरलेल्यांच्या मालकिणींपैकीं पांच जणींस तिनें स्वतःच्या सांठवणींतून पैसे दिले; दोघींनीं घेतले नाहींत. एक वृद्ध बाई मात्र कांहीं न बोलतां चिखलानें डागळलेला हातभर कांठ घडी करून घेऊन गेल्या. त्यांच्या आईचें लग्नांतलें लुगडें होतें तें. त्याची किंमत कोणत्या रकान्यांत मांडणार ? विमा कापडाची किंमत देईल, आठवणीची देणार नाहीं, हें गिऱ्हाइकाला काम घेतांनाच सांगून पावतीवर ठरलेली किंमत लिहावी, असा नियम भाचीनें तेव्हांपासून केला आहे. अशा परक्याच्या मालासंबंधीं आणखी एक लक्षांत ठेवावें. आगीच्या विम्याच्या रूढ अटींत दुसऱ्याचा ठेवलेला माल स्पष्ट नोंदला असेल तरच धरला जातो. म्हणून 'कामासाठीं आलेलें गिऱ्हाइकांचें कापड' अशी स्वतंत्र ओळ विमापत्रांत घालून घ्यावी.

रक्कम किती धरावी, येथें बहुतेक मंडळी चुकतात. जुन्या यंत्राची मोडीची किंमत मनांत धरून हप्ता वांचवितात. आम्हीं 2021 मध्यें भाचीकडे बसून हिशेब केला. तोंपर्यंत तिनें कर्ज काढून पुन्हां यंत्रें घेतलीं होतीं. तसेंच नवें घेण्यास लागेल ती किंमत धरून तीन यंत्रें, मेज, इस्त्री व कात्र्या मिळून 75,000. कापड, अस्तर, भरण, दोरा व तयार गोधड्या 90,000. गिऱ्हाइकांचें कापड 35,000. एकूण दोन लाख. जांवई म्हणाले, "सगळें एकदम थोडेंच जाणार आहे ? 1,20,000 चा करूं." त्यांना त्रैराशिक मांडून दाखविलें. दोन लाखांच्या मालाचा विमा 1,20,000 चा, म्हणजे शेंकडा 60 चा. नुकसान जरी 50,000 चेंच झालें, तरी भरपाई त्याच प्रमाणांत, म्हणजे 30,000. उरलेल्या 20,000 पुरते आपण स्वतःच विमेदार ठरलों. सूक्ष्म उद्योगाच्या विमापत्रांत अशी कमतरता शेंकडा 15 पर्यंत असली तर ती दृष्टीआड करतात, परंतु शेंकडा 40 ती कशी करतील ? जांवई हिशेबनीस आहेत. त्यांना लगेच पटलें. वर्षाचा हप्ता एका मोठ्या गोधडीच्या मजुरीहून अधिक झाला नाहीं.

चोरीविषयीं सामान्य समजूत अशी कीं विमा म्हटला म्हणजे चोरी आलीच. तसें नाहीं. वर सांगितलेल्या विमापत्रांत आग, पूर, वादळ, भूकंप, दंगा असल्या आपत्ति येतात. चोरी धरली जाते ती अशा एखाद्या आपत्तीमुळें, तिच्यानंतर सात दिवसांच्या आंत झाली तरच. एरवींच्या घरफोडीसाठीं निराळा विमा घ्यावा लागतो, आणि त्यांतही कुलूप-कडी मोडल्याची खूण दिसावी लागते. विजेचेंही असेंच एक वळण आहे. आगीच्या विम्याच्या नेहमींच्या अटींप्रमाणें यंत्राची मोटर आंतल्या आंत जळली तर ती मोटर भरून मिळत नाहीं. पण तिच्यापासून आग पसरून शेजारचा कापडाचा ढीग जळला तर तो मिळतो. कापूस व चिंध्या यांच्या खोलींत इस्त्रीचें बटन कोण बंद करतो, हें पाहणें कोणत्याही विम्याहून स्वस्त आहे.

कागदपत्रांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. यंत्राच्या पाटीवरचा क्रमांक लिहून घ्यावा, खरेदीची पावती व खोलीचीं छायाचित्रें ठेवावीं, आणि त्यांची एक प्रत त्या घरांत ठेवूं नये. भाचीची प्रत माझ्या पुस्तकांच्या कपाटांत, अमरकोशाच्या मागें आहे. नुकसान झालें तर कंपनीस ताबडतोब कळवावें, आणि सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत भिजलेली वस्तु फेंकूं नये. पुराच्या दुसरे दिवशीं आम्हीं स्वच्छतेच्या नादांत चार गोधड्या उकिरड्यावर टाकल्या. विमा लागू असता तरी त्या चार मोजल्या गेल्या असत्या असें वाटत नाहीं. बँकेचें कर्ज काढून यंत्र घेतलें असेल तर बँक पुष्कळदां स्वतःच विमा करविते. त्या विमापत्राची प्रत मागून पाहावी, कारण तो विमा तारणापुरताच असूं शकतो आणि कापड, दोरा, तयार माल बाहेरच राहतात.

कंपनीनें अन्यायानें नकार दिला तर दाद आहे. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. त्याची एक कचेरी पुण्यांतही आहे. 2017 च्या नियमांप्रमाणें एकट्यानें चालविलेल्या व सूक्ष्म उद्योगांनाही ही वाट खुली आहे. फी नाहीं आणि वकिलाचें कारण नाहीं. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आंत जावें लागतें, एवढें ध्यानांत असावें. आम्हीं गेलों नाहीं. जाऊन सांगणार काय होतों ? 'नाहीं' हें अक्षर माझें होतें.

2021 मधील नवें प्रश्नपत्रक आलें तेव्हां जांवयांनीं संवयीप्रमाणें तें माझ्यापुढें सरकविलें. मीं तें भाचीकडे दिलें. तिचें अक्षर लहान व थोडें उजवीकडे कललेलें आहे. व्यवसायाच्या रकान्यांत तिनें 'गोधड्या शिवणें' असें लिहिलें, क्षणभर थांबली, आणि विचारलें, "मामा, किती वर्षांपासून म्हणून लिहूं ? लग्नाआधींचीं दोन धरूं का ?" मीं म्हटलें, धर.