न्हाणीघरांतील ओट्याचा जीर्णोद्धार

आमच्या न्हाणीघरांतील ओटा व त्यांतच घडविलेलें हात धुण्याचें सिमेंटी बेसिन हीं दोन्ही वडिलांच्या वेळचीं. साबण, सोडा आणि घासणी यांनीं इतक्या वर्षांत वरचा थर झिजून आंतील खडी उघडी पडली होती. उखडून नवें करावें, तर खालचे नळ मोडणार आणि पंधरा माणसांचें स्नान अडणार. म्हणून जुन्यावरच सिमेंटचा नवा थर चढवावा असें मीं ठरविलें. शाळामास्तरास खर्चाची धास्ती जन्मभर असते, हेंही कारण होतेंच.

पहिला प्रयत्न फसला, आणि त्याची शिक्षा मला न होतां आमच्या ताईस झाली. मीं सांगितल्याप्रमाणें गवंड्यानें जुन्या गुळगुळीत ओट्यावर नुसत्या सिमेंटची पातळ खळ ओतून थापीनें घोटली. दुसऱ्या दिवशीं ओटा आरशासारखा चकाकत होता. शेजाऱ्यांस बोलावून मीं तो दाखविलाही! महिन्याभरांत त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या, कोपऱ्यास पापुद्रा सुटला आणि त्याच्या धारेनें ताईचा तळहात कापला. तिचें वय ७८, त्यांत मधुमेह. जखम भरून येण्यास सात आठवडे लागले. तिनें मला एका शब्दानें दोष दिला नाहीं. तेव्हां मात्र मी पुस्तकें काढून बसलों.

सिमेंट वाळून घट्ट होतें ही समजूत चुकीची आहे. पाण्याशीं रासायनिक संयोग होऊन त्याचा दगड बनतो. पाणी लवकर उडून गेलें कीं हा संयोग अर्धवट राहतो. उलट, कालवितांनाच पाणी जास्त घातलें तर थर कच्चा होतो. नुसतें सिमेंट आकसतेंही फार. वाळू त्यास लगाम घालते. आमच्या ओट्यावर हे सर्व प्रमाद एकदम घडले होते.

दुसऱ्या वेळीं सुटलेला थर खरवडून, छिन्नीनें सर्वत्र बारीक खांचा पाडून ओटा खरखरीत केला. साबणाचा व तेलाचा अंश धुऊन काढला. पृष्ठभाग ओलसर, पण पाणी न सांचलेला असा ठेवून त्यावर लेटेक्स मिसळलेल्या सिमेंटचा हात कुंच्यानें दिला आणि तो ओला असतांनाच एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू यांचा अर्धा इंच थर चढविला. ढाळ जाळीकडे ठेवला, कडा गोल केल्या. बेसिनच्या वक्र भागास एवढा जाड थर धरत नाहीं. तेथें लेटेक्सयुक्त बारीक सिमेंटचे पातळ हात एकावर एक दिले. जाळी मात्र आधींच काढून ठेवावी, नाहीं तर ती नव्या थराखालीं खोल जाते. चिनी मातीच्या चकचकीत बेसिनवर हा उद्योग करूं नये, असें माझें मत आहे. ओल्या सिमेंटनें कातडी भाजते. रबरी हातमोजे घालावे, मुलांस दूर ठेवावें.

यानंतर सात दिवस ओलीं पोतीं. ही खरी परीक्षा घरच्यांची! सारीं माणसें अंगणांतील नळावर तोंडें धुत होतीं, आणि थोरल्या सूनबाईंनीं "मामंजी, आज कितवा दिवस?" असें रोज विचारलें. पुरती बळकटी येण्यास सुमारें २८ दिवस लागतात. तोंवर जड बादल्या आदळूं दिल्या नाहींत.

शेवटीं पाणी न मुरावें म्हणून वरून लेप हवाच. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वज्रलेपाची कृति दिली आहे: टेंभुर्णीचीं व कवठाचीं कच्चीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादि पाण्यांत आटवून त्यांत गुग्गुळ, राळ, जवस वगैरे मिसळावयाचें. तो लेप एक कोटि वर्षें टिकतो म्हणे. मीं बाजारांतील सीलर लावला. गवंड्यानें त्याची दहा वर्षांची हमी दिली, तीही तोंडीच. सीलर असला तरी आम्लापासून सिमेंटास जपावेंच लागतें. फरशी धुण्याचें ॲसिड, लिंबू, चिंच हीं त्यावर पडून राहिलीं कीं डाग पडतो व थर खरवडला जातो.

ओटा वापरास खुला झाला त्या दिवशीं ताईनें त्यावरून हात फिरवून पाहिला, कोपऱ्यावरून दोनदां. मग तांब्याचें घंगाळ घासण्यास तिनें चिंच मागितली. घंगाळ आणि चिंच दोन्ही मीं तिला अंगणांत नेऊन दिलीं.