ऐक्य ठरावात की सोयरिकीत?

जानेवारीत १८ ते २५ हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना-सप्ताह आला, की एक युक्तिवाद हमखास कानी पडतो: सगळ्या मंडळ्या एका छत्राखाली आणा, ऐक्य झालंच समजा. पण हा प्रयोग करून झालाय. कितीएक वर्षांच्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) उभी राहिली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. पुढे या सहांपैकी गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे २०१३मध्ये निकाल लागला, की नुसत्या ठरावाने नोंदलेली संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ताही दुसरीकडे जात नाही. प्रार्थना एक झाली, सातबारा झाला नाही.

दुसरे म्हणतात, पंथभेद शतकांचे, ते मिटायचे नाहीत. पण भांडण रोमचं आणि विटेनबर्गचं. गंगापूर-वैजापूरकडच्या माणसाचा त्यात काय संबंध? कुणाच्या पणजोबाला फ्रेंच फादर भेटले, कुणाच्या पणजोबाला इंग्लिश मिशनरी. गावात आधी कोण पोचलं, त्यावर पंथ ठरला. आज कॅथलिक मुलगी आणि सीएनआयचा मुलगा असेल तर बिशपांच्या परवानगीने लग्न लागतं. हळदीच्या रात्री ढोलकीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं रंगतात, तेव्हा कोण कुठल्या चर्चचं हे कुणी विचारत नाही.

विचारतात ते वेगळंच: मूळचे कोण? महार की मांग? पंथ वेगळा आणि जात एक असली तर सोयरीक जुळते; पंथ एक आणि जात वेगळी असली तर अडते. परवानगी धर्मशास्त्र देतं, भावकी देत नाही. यावर प्रार्थना-सप्ताहात प्रवचन होत नाही, कारण ते पहिल्या बाकावरच्यांना लागेल.

१९१७ साली टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उघडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र बसत. मिशनची चौकट सोडून त्यांनी आधी माणसं जोडली. संस्थेची घटना हा त्यांचा प्रारंभ नव्हता. मला ऐक्याचा हाच क्रम बरोबर वाटतो.

शिवाय निकड आहेच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले; शीख १९५६मध्ये, बौद्ध १९९०मध्ये आत आले. या आदेशाला कॅथलिक-प्रोटेस्टंट असा फरक कळत नाही, म्हणून यादीत येण्यासाठीच्या मोर्चात सगळे खांद्याला खांदा लावतात. हे उत्तमच. पण बाप्तिस्म्यानंतरही जात सुटत नाही असं दिल्लीत सांगायचं आणि आमच्यात जात नाही असं घरी म्हणायचं, हे दोन्ही कसं चालेल?

छत्रपती संभाजीनगरात कॅथलिकांचा १९७७पासूनचा धर्मप्रांत आहे, सीएनआयचा मराठवाडा धर्मप्रांतही आहे. येत्या सप्ताहात संयुक्त प्रार्थना जरूर व्हावी. पण त्याआधी दोन्हीकडच्या लग्नाच्या नोंदवह्या एका टेबलावर याव्यात आणि दोन वेगळ्या जातींमधली लग्नं किती, हे मोजून मंडळीला वाचून दाखवावं.