तार ज्याची त्याची, हवा सर्वांची

या सदराच्या वाचकांकडून अलीकडे एकाच प्रकारची पृच्छा वारंवार येते. १०० मेगाबिट वेगाचें इंटरनेट घरीं घेतलें, दरमहाचे पैसे वेळेवर भरले. परंतु माजघरांत वायफायवर मोजून पाहिलें तर ३०-४० च्या पुढें आंकडा सरकत नाहीं. कंपनी फसविते, असें वडील मंडळी म्हणतात. मुलें दिवसभर चित्रपट पाहत बसतात त्याचा हा परिणाम, असें आणखी कोणी म्हणतें. आणि ज्या मुलीची परीक्षा संगणकावर व्हावयाची आहे ती बिचारी मध्येंच खोळंबते. एकत्र कुटुंबांत असल्या कारणानें मनें कलुषित होऊं नयेत, यास्तव हा विषय आम्हीं आज हातीं घेतला आहे.

प्रथम एक निवाडा करून घ्यावा. घरांतील इतर यंत्रें क्षणभर बंद ठेवून राउटरला संगणक तारेनें जोडावा आणि वेग मोजावा. तेथें १०० च्या आसपास आंकडा आला, तर कंपनीनें माप पुरें घातलें असून गळती घरांतच आहे. न आला तर मात्र तक्रार करण्यास हरकत नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, तांब्याची तार वेगवान आणि हवेंतील लहर मंद. वस्तुस्थिति उलट आहे. हवेंतील लहर जवळजवळ प्रकाशाच्याच वेगानें धांवते. तारेंतील संदेशाचा वेग त्याच्या सुमारें दोनतृतीयांश असतो. वायफाय मागें पडतें तें धांवण्यांत नव्हे, तर पाळीची वाट पाहण्यांत.

केबलीच्या पोटांत तांब्याच्या ८ तारा, दोन-दोन पिळून केलेल्या ४ जोड्या असतात. एका टोंकास संगणक, दुसऱ्या टोंकास राउटर. तिसऱ्याचा तेथें संबंध नाहीं. येणें आणि जाणें एकाच वेळीं चालतें. हवेचें तसें नाहीं. न्यायशास्त्रांत आकाश एकच आणि सर्वव्यापी मानिलें आहे. तें मत भौतिकशास्त्राचें नव्हे, तरी येथें दृष्टान्तास उपयोगी पडतें. घरांतील सर्व फोन, टीव्ही आणि स्वतः राउटर यांस बोलावयास एकच अवकाश. दोघे एकदम बोलले तर कोणाचेंच नीट ऐकूं येत नाहीं. म्हणून प्रत्येक यंत्रानें आधीं कानोसा घ्यावयाचा, मार्ग मोकळा दिसला तरी क्षणभर थांबावयाचें, मग बोलावयाचें, आणि पोंच आली नाहीं तर तेंच पुन्हा सांगावयाचें, असा नियम आहे.

या शिष्टाचारांत किती वेळ जातो पाहा. १९९९ सालच्या वायफायवर ११ मेगाबिटांचा शिक्का होता. हातीं येत ५-६. २००३ सालीं ५४ चा शिक्का आला. हातीं येत २०-२५. खोक्यावरील आंकडा खोटा नसतो. तो ऐन बोलण्याच्या क्षणाचा वेग असतो, थांबण्याचा हिशेब त्यांत धरलेला नसतो. पुढें वायफाय ६ या पिढीनें एकाच वेळीं अनेकांस थोडी थोडी जागा वांटून देण्याची सोय केली. तरी अवकाश समाईकच राहिला.

शाळेचा वर्ग डोळ्यांपुढें आणावा. एखादा विद्यार्थी अडखळत पाढा म्हणूं लागला कीं, हुशार विद्यार्थ्यांचीही पाळी लांबते. कोपऱ्यांतील खोलींतला जुना फोन असाच होय. त्याच्यापर्यंत लहर क्षीण होऊन पोंचते, म्हणून तो सावकाश बोलतो. आणि तेवढा वेळ राउटरजवळचा नवा फोनही मुकाट बसतो.

आमच्या यावलकडे व एकंदर खानदेशांत धाब्याचीं जुनीं घरें अजून आहेत. त्यांच्या मातीच्या रुंद भिंती उन्हाळ्यांत गारवा देतात, पण लहरींचें बळ गिळून टाकतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतीपलीकडे त्यांतल्या त्यांत बरी पोंचते. मात्र तेथें एकमेकांस न भिडणारे मार्ग तीनच. शिवाय २००५ सालापासून भारतांत ही पट्टी परवान्यावांचून खुली आहे. त्यामुळें शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर तेथेंच बोलतात आणि मायक्रोवेव्हची भट्टीही तेथेंच गलबला करते. ५ गिगाहर्ट्‌झवर जागा ऐसपैस. पण ती लहर भिंतीपुढें लवकर हतबल होते.

तारेलाही हे भोग चुकले नव्हते. १९७१ सालीं हवाई बेटांवर अलोहा नांवाचें बिनतारी जाळें सुरू झालें. ज्याला जेव्हां वाटेल तेव्हां त्यानें बोलावें, असा तेथें प्रघात होता. अशा गोंधळांत मार्गाचा फार तर १८ टक्के उपयोग होतो, असें गणितानें सिद्ध झालें. १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं त्यापासून स्फूर्ति घेऊन ईथरनेट योजिलें. त्यांतही प्रथम सर्वांस मिळून एकच केबल होती आणि टकरी होत. पुढें प्रत्येकास स्वतंत्र तार मिळाली, तेव्हां टकरी संपल्या. तात्पर्य, गुण केवळ तांब्याचा नव्हे, स्वतंत्र वाटेचा आहे.

मग घरीं काय करावें? जें एके जागीं बसतें त्यास तार द्यावी; जें हातांतून फिरतें त्यास हवा. ही केबल १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते, म्हणजे मोठ्या वाड्यासही पुरते. राउटर लोखंडी कपाटांत किंवा पाण्याच्या टाकीमागें न ठेवितां घराच्या मध्यभागीं, उंचावर ठेवावा. बिनतारी रिपीटर विकत घेण्यापूर्वीं ध्यानांत असावें कीं, तो प्रत्येक शब्द एकदां ऐकून पुन्हा उच्चारतो. हें सर्व एकाच मार्गावर झालें म्हणजे वेग सुमारें निम्मा होतो. त्यापेक्षां आंतल्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथें दुसरा राउटर बसविणें अधिक श्रेयस्कर.

परीक्षेच्या दिवशीं तारेजवळची जागा परीक्षार्थ्याची, असा घरांत नियमच असावा. आणि समाईक वस्तूच्या उपभोगांत जो मंद दिसतो तोच अपराधी असतो असें नाहीं; पुष्कळदां त्याच्या वांट्याला आलेली जागाच दूरची असते. तेव्हां आजोबांच्या जुन्या फोनला बोल लावण्यापूर्वीं आपण राउटर कोठें ठेविला आहे, तें एकवार पाहावें.